मध्यंतरातले लिंबूटिंबू

अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीचा, म्हणजे बर्फावरच्या आइस हॉकीचा, पहिला पिरियड संपला की निम्मे प्रेक्षक पॉपकॉर्नच्या रांगेकडे वळतात. उरलेले मुद्दाम बसून राहतात, कारण बर्फ सारखा करणारं झँबोनी यंत्र आत येण्याआधी चार-पाच मिनिटं मोकळी असतात. तेवढ्यात कडेचं फाटक उघडतं आणि सात-आठ वर्षांची वीस-पंचवीस मुलं आत शिरतात. जर्सी गुडघ्यापर्यंत, हेल्मेटच्या वजनाने मान डुगडुगणारी, हातातली स्टिक जवळजवळ हनुवटीला टेकलेली. दोघंतिघं फाटकाच्या उंबऱ्यावरच आडवी होतात आणि उठतात. पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती, टाकला जातो आणि सगळा घोळका त्याच्यामागे धावतो, गुळाच्या खड्याला मुंग्या लागाव्यात तसा. मग कुणीतरी गोल करतं. त्याबरोबर विद्यार्थ्यांच्या बाकांवरून शेकडो बोटं गोलजाळीसमोरच्या त्या सात वर्षांच्या मुलाकडे रोखली जातात आणि एका सुरात आरोळी उठते: "सीव! सीव! सीव!"

सीव म्हणजे चाळणी. ज्याच्यातून सगळं गळतं, तो गोलकीपर. ही शिवी खरं तर पाहुण्या संघाच्या विशीतल्या गोलकीपरसाठी आहे. ती मध्यंतरात एका पोराच्या वाट्याला येते, तेव्हा नवखे पालक दचकतात आणि जुने पालक हसतात. या दोन प्रतिक्रियांमध्ये जो इतिहास आहे, तो फार जुना नाही. तीस-पस्तीस वर्षांत सगळं घडलं आहे.

कॉलेज हॉकी स्वतः मात्र जुनी. दोन कॉलेजांमधले सामने १८९० च्या दशकात सुरू झाले आणि राष्ट्रीय अजिंक्यपद १९४८ पासून सुरू झालं. त्या काळात मूल सामन्याला यायचं ते वडिलांचं बोट धरून, आणि फार तर तुटलेली स्टिक मागायला खेळाडूंच्या वाटेवर उभं राहायचं. रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, मुलांचा असा स्वतःचा वेळ तयार व्हायला आधी मुलांची हॉकी फोफावावी लागली, आणि बंदिस्त रिंकवर मध्यंतर कशाने तरी भरायची गरज भासावी लागली.

या मुलांना म्हणतात "माइट". या शब्दाशी जरा थांबायला हवं, कारण त्याच्यावरून बराच घोळ होतो. शब्दकोशात माइट म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारा किडा. जुन्या वापरात तेच एका क्षुल्लक किमतीच्या नाण्याचं नाव होतं आणि पुढे कोणत्याही इवल्याशा गोष्टीला, इवल्याशा मुलालाही माइट म्हणू लागले. हॉकीत वयाच्या पायऱ्यांना अशीच नावं पडली: सगळ्यात लहान माइट, मग स्क्वर्ट, पीवी, बँटम आणि शेवटी मिजेट. त्यातल्या शेवटच्या शब्दाने सगळी शिडीच हलवली. बुटक्या शरीराच्या माणसांना तो शब्द अपमानाचा वाटतो, आणि त्यांचं म्हणणं योग्यच होतं. कॅनडाने २०२०-२१ च्या हंगामापासून अशी सगळी नावं बाजूला ठेवली आणि वयाचे आकडे आणले. अमेरिकेतल्या राष्ट्रीय संघटनेने त्याआधीच आठ वर्षांखालचे, दहा वर्षांखालचे अशी सरळ भाषा स्वीकारली होती. कागदावरून माइट गेला. पण रिंकवरच्या ध्वनिक्षेपकावरून आजही "माइट्स ऑन आइस" असंच पुकारलं जातं, पालकही तेच म्हणतात, आणि त्या वयाच्या मुलाला "तू कोण?" विचारलं तर ते छाती काढून सांगतं, मी माइट.

मराठीत याला नेमका शब्द आहे, लिंबूटिंबू. वाड्यातल्या खेळात धाकट्या भावंडाला घ्यावं तर लागतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही, त्याचा आउट धरत नाहीत. मध्यंतरातला माइट बरीच वर्षं तसाच होता. तो खेळत होता, पण त्याचं कुणी काही मोजत नव्हतं. तो बर्फावर येई, गोड दिसे, पडे, लोक "अरेरे" म्हणत आणि घड्याळ संपे. हे चित्र बदलण्यात प्रेक्षकांचा वाटा मोठा, तसाच एका निर्णयाचाही. मुलांच्या हॉकीबद्दल गेल्या दोन दशकांत जेवढी भांडणं झाली, त्यातली सगळ्यात कडाक्याची या निर्णयावरून झाली, आणि प्रेक्षकांच्या प्रथांबद्दल बोलणारे बहुतेक लोक नेमका तोच विसरतात.

हॉकीचं मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. ते मोठ्या माणसांसाठी आखलेलं आहे. तरी कित्येक वर्षं सात वर्षांची मुलंही त्याच अख्ख्या मैदानावर खेळायची. याचा परिणाम रिंकच्या कठड्याशी उभ्या असलेल्या कुठल्याही पालकाने पाहिलेला असे: एक-दोन पोरं, जी वयाने थोडी मोठी किंवा स्केटिंगमध्ये तरबेज, ती पक घेऊन सुटायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटीच जायची. बाकीची मागे धापा टाकत. ती मधल्या रेषेपर्यंत पोचेपर्यंत खेळ उलट्या दिशेने निघालेला असे. अख्ख्या सामन्यात पकला एकदाही स्टिक न लागलेलं मूल घरी जाई आणि आई विचारे, "मजा आली का रे?"

राष्ट्रीय संघटनेने २००९ मध्ये मुलांच्या प्रशिक्षणाचा नवा आराखडा पुढे आणला. त्यातला गाभा असा की आठ वर्षांखालच्या मुलांनी मैदान लांबीने वापरायचंच नाही. बर्फाचे आडवे तीन भाग करायचे, मध्ये फोमचे लांबट अडसर ठेवायचे, छोट्या जाळ्या लावायच्या आणि प्रत्येक भागात चार-चार मुलांनी रुंदीच्या दिशेने खेळायचं. याला क्रॉस-आइस म्हणतात. पकही बदलला. मोठ्यांचा काळा पक साधारण सहा औंसांचा, मुलांना चार औंसांचा निळा दिला गेला. गोल मोजायचे नाहीत, गुणतक्ते लावायचे नाहीत. स्वीडन आणि फिनलंडमध्ये लहानांना लहान जागेत खेळवण्याची पद्धत आधीपासून होती, तिचा दाखला वारंवार दिला गेला.

पालकांचा एक मोठा गट खवळला. त्यांचे मुद्दे उडवून लावण्यासारखे नव्हते. हे खरं हॉकी नाही, असं ते म्हणत: यात ऑफसाइड नाही, मोकळ्या बर्फावर वेग घेणं नाही, पुढच्या वर्षी मूल अचानक मोठ्या मैदानावर गेलं की गोंधळून जाईल. दुसरा आक्षेप पैशाचा होता. एका वेळी बर्फावर वीस-पंचवीस मुलांऐवजी पन्नास-साठ मुलं घालता येतात म्हटल्यावर रिंकचे मालक आणि क्लबच खूश होणार, फी मात्र तीच राहणार, अशी शंका उघड बोलली जात होती. काही पालकांनी आपल्या मुलांना समांतर संघटनांकडे नेलं, जिथे अख्खं मैदान मिळत होतं. गावोगावच्या क्लबांच्या बैठका रात्री उशिरापर्यंत रंगल्या. सख्खे शेजारी वर्षभर एकमेकांशी धड बोलले नाहीत, अशी गावं मला माहीत आहेत.

समर्थकांकडे मोजमाप होतं. दोन्ही प्रकारचे सामने मोजून पाहिले तेव्हा आडव्या छोट्या मैदानावर एकेका मुलाच्या वाट्याला येणारे पकचे स्पर्श, पास आणि गोलवरचे फटके कित्येक पटींनी वाढलेले दिसले. पुढे तर प्रौढ खेळाडूंसाठी त्यांच्या आकाराच्या प्रमाणात मोठं मैदान आणि मोठी जाळी उभारून त्यांना तिथे खेळवण्यात आलं. आठ वर्षांच्या मुलाला नेहमीचं मैदान जसं वाटतं तसं ते त्यांना वाटावं, हा हेतू. धट्टीकट्टी माणसं काही मिनिटांतच गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. माझ्या मते वाद तिथेच संपायला हवा होता. गल्लीत सहा वर्षांच्या पोराला आपण बावीस यार्डांवरून बॉलिंग करायला लावत नाही, स्टंप पुढे आणतो. त्याला कुणी "हे खरं क्रिकेट नाही" म्हणत नाही.

पुढच्या काही वर्षांत छोटं मैदान हाच अमेरिकेतला नियम झाला. कॅनडाने २०१७-१८ पासून सगळ्यात लहान गटाला आणि त्यानंतर दोन वर्षांनी सात-आठ वर्षांच्या गटालाही छोटं मैदान सक्तीचं केलं. तिथेही हाच तमाशा झाला, हेच आक्षेप निघाले. त्याआधी, २०११ मध्ये, अमेरिकेत अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या सामन्यातली अंगावर धडकण्याची मुभाही काढून घेतली गेली. वर्षभर आधी आलेल्या कॅनडातल्या एका अभ्यासाने, धडकेला परवानगी असलेल्या अल्बर्टात आणि नसलेल्या क्वेबेकमध्ये एकाच वयाच्या मुलांची तुलना करून, मेंदूला मार बसण्याचा धोका पहिल्या ठिकाणी तिपटीहून जास्त असल्याचं दाखवलं होतं. दोन्ही निर्णयांमागे एकच विचार होता: मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे.

आता याचा कॉलेजच्या मध्यंतराशी संबंध असा. क्रॉस-आइस आलं तेव्हा मध्यंतराच्या खेळाचं काय करायचं, हा प्रश्न आयोजकांपुढे उभा राहिला. अडसर मांडायला आणि काढायला वेळ लागतो, आणि वेळ तर पाच मिनिटांचा. त्यामुळे कित्येक रिंकवर मध्यंतरापुरतं अजूनही अख्खं मैदान दिलं जातं, मुंग्यांचा घोळका तसाच दिसतो. काही ठिकाणी मात्र स्वयंसेवक पालक अडसर धरून तयारच उभे राहतात आणि अर्ध्या मिनिटात मैदानाचे भाग पाडतात. अशा ठिकाणी एकाच वेळी दोन-तीन सामने चालतात आणि गोल धडाधड होतात. घोळक्याच्या जमान्यात पाच मिनिटांत एखादा गोल व्हायचा. आता दहा-बारा होतात. म्हणजे आरोळ्याही दहा-बारा. गोल मोजायचे नाहीत असं सांगणाऱ्या निर्णयाने गोलांची संख्या वाढवली, आणि विद्यार्थ्यांच्या बाकांना मोजायला भरपूर काही दिलं.

या आरोळ्यांची वाट वेगळी. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावात कॉर्नेल विद्यापीठाचं लायना रिंक १९५७ मध्ये उघडलं. तिथल्या प्रेक्षकांनी गोलकीपरला चाळणी म्हणून हिणवण्याची रीत साठ-सत्तरच्या दशकांत पक्की केली, १९७० मध्ये २९ पैकी २९ सामने जिंकणाऱ्या संघाच्या जोरावर. मिशिगन विद्यापीठात ती पोचली मार्च १९९१ मध्ये. विद्यापीठाच्या गावातल्या, अ‍ॅन आर्बरच्या, योस्ट रिंकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या फेरीत कॉर्नेलशी तीन सामन्यांची मालिका झाली. मिशिगनचा संघ १९७७ नंतर पहिल्यांदाच तिथवर आलेला, त्यामुळे त्याच्या पाठीराख्यांना अशा रात्रींची सवय नव्हती. पाहुणे प्रेक्षक संख्येने थोडे, पण आवाजाने रिंक त्यांनीच भरून टाकलं. पहिला सामना कॉर्नेलने जिंकला. पुढचे दोन मिशिगनने घेतले आणि मालिका खिशात घातली, पण जाता जाता पाहुण्यांकडून आरोळ्याही ठेवून घेतल्या: चाळणी, "सगळा दोष तुझाच", आणि गोलांची चढती मोजणी. त्या वर्षापासून मिशिगन सलग २२ वेळा राष्ट्रीय स्पर्धेत खेळलं, त्यामुळे आरोळ्यांना सरावही भरपूर मिळाला.

तिथल्या विद्यार्थ्यांच्या बाकांना नाव पडलं "योस्टची मुलं". रिंक १९२३ मध्ये बंदिस्त क्रीडागृह म्हणून बांधलेलं, बर्फ आला १९७३ मध्ये, आणि नाव जुन्या फुटबॉल प्रशिक्षकाचं. (त्या नावावरही आता बोट ठेवलं गेलं आहे. १९३४ मध्ये एका कृष्णवर्णीय खेळाडूला सामन्याबाहेर बसवलं गेलं, त्या प्रकरणामुळे २०२१ मध्ये विद्यापीठाच्याच समितीने हे नाव काढण्याची शिफारस केली.) या नावातली मुलं अठरा ते बावीस वर्षांची. त्यांच्याच शेजारच्या बाकांवर खरी मुलं बसायची, आईबापांच्या मांडीवर. पाहुण्या खेळाडूला शिक्षा होऊन तो मैदानाबाहेरच्या शिक्षेच्या पेटीत बसायला निघाला की विद्यार्थी त्याला निरोप देत, आणि निरोपाच्या शेपटाला शिव्यांची माळ. दर हंगामात एखादा शब्द वाढायचा. सहा वर्षांची मुलं दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमध्ये ती माळ अचूक म्हणून दाखवत.

विद्यापीठाने पत्रं धाडली, प्रशिक्षकांनी विनंत्या केल्या, कुटुंबांसाठी वेगळे बाक सुचवले गेले. काही हंगाम एखादा शब्द गळायचा आणि मोठ्या सामन्याच्या रात्री परत यायचा. मैदान लहान करण्याचा निर्णय वरून लादला गेला आणि टिकला. जीभ आवरण्याची विनंती मात्र टिकली नाही. याचं कारण मला साधं वाटतं. मैदान आखणं संघटनेच्या हातात होतं. आरोळी कुणाच्याच हातात नव्हती.

पण एक गोष्ट विद्यार्थ्यांनी स्वतःहून पाळली, आणि तिच्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. मध्यंतरात माइट बर्फावर आले की शिव्यांची माळ बंद. चाळणी राहते, मोजणी राहते, "दोष तुझाच" राहतो, बाकी सगळं गिळून टाकलं जातं. हा नियम कुणी लिहिलेला नाही, ध्वनिक्षेपकावरून कुणी सांगत नाही. पडलेलं मूल उठलं की टाळ्या, दोन मुलं एकमेकांवर आपटली की "ओऽऽ", आणि शेवटचं मूल फाटकाबाहेर पडेपर्यंत उभं राहून मानवंदना.

तरी त्या चाळणीवरून वाद आहेच. सात वर्षांच्या मुलाला शेकडो मोठ्यांनी बोट दाखवून हिणवावं का, असं विचारणारे पालक भेटतात, आणि त्यांचा प्रश्न खोटा नाही. माझी मुलगी त्या जाळीसमोर उभी राहिली तेव्हा तिची आजी माझ्या शेजारी होती, पुण्याहून आलेली, स्वेटरवर शाल, शालीवर माझा कोट. पहिला गोल झाला, बोटं उठली, आरोळी झाली. आजींनी माझा हात घट्ट धरला. "का ओरडतायत तिच्यावर? काय केलंन तिने?" मी सांगितलं की मोठ्या गोलकीपरला म्हणतात तेच तिलाही म्हणतायत. खाली मुलीने काय केलं, तर मोठ्या गोलकीपरांना पाहून पाठ केलेलं सगळं: जाळीवर ठेवलेली पाण्याची बाटली उचलली, हेल्मेटच्या पिंजऱ्यातून तोंडावर पिचकारी मारली, दोन्ही पॅडवर स्टिकने टकटक केली आणि परत वाकून उभी राहिली. विद्यार्थ्यांचे बाक फुटायचे तेवढे बाकी होते. आजी म्हणाल्या, "अगंबाई, तिला कळतंय की सगळं."

गाडीत मुलीने विचारलं, ते माझ्यासाठीच ओरडत होते ना? तिला त्यात अपमान शोधूनही सापडला नसता. वर्षभर तिला सांगितलं होतं की गोल मोजायचे नाहीत, कोण जिंकलं विचारायचं नाही, आणि त्यातलं शहाणपण मला आजही मान्य आहे. पण तिला पहिल्यांदा कुणीतरी मोजलं होतं.

मुलींचा उल्लेख आला म्हणून सांगतो, या खेळात त्यांना जागा मिळाली ती फार उशिरा. महिलांचं राष्ट्रीय अजिंक्यपद २००१ मध्ये सुरू झालं, पुरुषांनंतर अर्ध्या शतकाहून जास्त काळाने. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला जानेवारी २०१७ मध्ये महिलांच्या एका कॉलेज सामन्याला १५,३५९ प्रेक्षक आले. अशा गर्दीपुढे मध्यंतरात मुली खेळल्या की फाटकाशी ग्लोव्ह पुढे करून उभ्या राहणाऱ्या पोरींची रांग पुढच्या हंगामात लांबलेली दिसते. ग्लोव्हला ग्लोव्ह लावून जाणं हीसुद्धा प्रथाच आहे आणि बहुतेक कॉलेजांमध्ये खेळाडू ती चुकवत नाहीत, हरलेल्या रात्रीसुद्धा.

मुलांशी जोडलेली दुसरी मोठी प्रथा बाहेरून आली. कॅनडात कामलूप्स इथे ५ डिसेंबर १९९३ रोजी ज्युनियर संघाच्या सामन्यात प्रेक्षकांना सांगितलं गेलं की टेडी बेअर घेऊन या आणि आपल्या संघाचा पहिला गोल झाला की बर्फावर फेका. दोन हजारांवर खेळणी पडली, ती गरजू मुलांना आणि रुग्णालयांना गेली. तिथून ही चाल व्यावसायिक संघांकडे पसरली. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात ५ जानेवारी २०२५ रोजी १,०२,३४३ खेळणी गोळा झाली. कॉलेजांत आकडे लहान, पण नियमाची अडचण मोठी. बर्फावर वस्तू फेकली तर यजमान संघाला खेळ लांबवल्याची शिक्षा होऊ शकते. कॉलेज प्रेक्षकांनी हे स्वतःवर ओढवून घेतलेलं आहे: कॉर्नेलमध्ये हार्वर्डच्या खेळाडूंवर मासे, न्यू हॅम्पशरमध्ये घरच्या पहिल्या गोलनंतर मासा. म्हणून काही कॉलेजं टेडी पहिल्या गोलनंतर न फेकता मध्यंतरात फेकायला सांगतात. बर्फावर पडून ती ओली होतात, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा अशी सूचनाही असते.

आणि मग ती वेचायला कोण जातं? पुष्कळ ठिकाणी तेच माइट. पाच मिनिटांचा खेळ त्या दिवशी रद्द होतो आणि मुलं कचऱ्याची काळी पोती ओढत बर्फभर फिरतात. एखादं पोर स्वतःएवढं अस्वल कवेत घेऊन पडतं, अस्वल सोडत नाही. झँबोनीचा चालक फाटकाशी इंजिन चालू ठेवून थांबलेला असतो, शेजारच्या सीटवर सोडतीत नंबर लागलेलं एखादं मूल कानटोपी घालून बसलेलं. वरच्या मोठ्या फलकावर तेव्हा फक्त मध्यंतराची उलटी मोजणी दिसत असते. वेचलेली अस्वलं विद्यार्थ्यांचे बाक मोठ्याने मोजतात, आणि पन्नासच्या पुढे त्यांचा ताल हमखास चुकतो.